सर्पदंश, मांत्रिक आणि कायदा

महाराष्ट्रातले बहुतेक साप बिनविषारी आहेत. जिवावर बेततात ते मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांच्याही दंशात दर वेळी घातक मात्रेचे विष अंगात जातेच असे नाही. मांत्रिकाचे यश उभे आहे ते याच दोन गोष्टींवर. धामण चावलेला माणूस अंगाऱ्याविनाही बरा झालाच असता. गावभर नाव होते ते मांत्रिकाचे.

मण्यारीपुढे ही मात्रा चालत नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळजवळ नसते. काही तासांत पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडखळतो. विष चढले का हे ठरवायला कडुलिंबाचा पाला कडू लागतो की नाही हे पाहण्यात गेलेला वेळ प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनला मिळत नाही.

‘लोकांच्या श्रद्धेत कशाला पडायचे?’ हा आक्षेप इथे लंगडा पडतो. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा रोख देवाधर्मावर नव्हता, शोषणावर होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम आठवड्याभरात निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना मात्र या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळले आहे.