फटाक्यांना बुजून पळालेला कुत्रा
पाळीव कुत्रा घर सोडतो तो अनेकदा भीतीने. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंतचा. इतक्या तिखट कानांना दिवाळीचे, वरातीचे फटाके सोसत नाहीत आणि तो वाट फुटेल तिकडे धावतो. उदाहरणार्थ, दौंड तालुक्यातल्या भांडगावाजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. तिथे असा सैरावैरा धावणाऱ्या कुत्र्याला वाहनांचा धोका मोठाच. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्याही दडतो. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. म्हणून शोध तातडीने, पण दिवसाउजेडी घ्यावा. उसात एकट्याने मुळीच शिरू नये. बिथरलेला कुत्रा धन्यालाही बुजतो. पाठलाग न करता खाली बसून, ओळखीच्या स्वरात हाक मारावी.