परत मिळतो तो कुणालाही मिळतो

काल इथे ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या कविसंमेलन आहे, आणि मधे मी पासवर्ड घेऊन उभा आहे. (हशा) ज्यांना उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

ई-मेल म्हणजे काय, ते कसं येतं-जातं, हे तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडून देतो. मी बोलणार आहे संगणकावर बसवलेल्या मेलच्या प्रोग्रॅमबद्दल. उदाहरणाला थंडरबर्ड घेतो. तो फुकट आहे, २००४ सालापासून चालू आहे आणि मी स्वतः तोच वापरतो. आउटलुकवाल्यांनी रागावू नये, वेळ उरला तर त्यांच्याकडे येईन.

माझं म्हणणं एवढंच आहे की जो पासवर्ड प्रोग्रॅम तुम्हाला परत दाखवू शकतो, तो तुमच्या खुर्चीत बसलेल्या कुणालाही दाखवू शकतो. यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आळस नाही. मेल कंपनीच्या सर्व्हरला तुमचा पासवर्ड जपून ठेवायची गरज नसते. तो त्याचा एक ठसा ठेवतो आणि तुम्ही टाइप केलेलं त्याच्याशी जुळतं का, एवढंच बघतो. ठशावरून पासवर्ड उलगडता येत नाही. पण तुमच्या घरातला प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी त्या सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि तिथे त्याला खरा पासवर्डच सांगावा लागतो. म्हणजे तो पुन्हा वाचता येईल असाच ठेवणं भाग आहे.

कुठे ठेवतो? थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरात ‘लॉगिन्स डॉट जेसन’ नावाची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा. सर्व्हरचं नाव स्वच्छ वाचता येतं. पासवर्डच्या जागी मात्र अक्षरांची खिचडी दिसते. बघणारा म्हणतो, वा, बंदोबस्त आहे! पण ती खिचडी सोडवायची किल्ली त्याच फोल्डरात, ‘की-फोर डॉट डीबी’ या फाइलमध्ये पडलेली असते. प्रायमरी पासवर्ड लावला नसेल, तर या दोन फायली पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर नव्या प्रोफाइलमध्ये टाका, सगळे पासवर्ड वाचायला हजर.

आता एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांची. आमच्या ओळखीचे खतांचे एक दुकानदार वारले. सगळा व्यवहार ई-मेलवर आणि पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. नाही, त्यांनाही ठाऊक नसणार, कारण एकदा टाकला की प्रोग्रॅमच तो सांभाळत होता. मुलीनं मला बोलावलं. दुकानात गेलो तर संगणकावर हळदकुंकू वाहिलेलं, कीबोर्डवर प्लॅस्टिक, आणि खुर्चीवर त्यांची उशी तशीच. उशी उचलून बसायचं धाडस होईना, म्हणून मी उभ्यानंच काम केलं. सेटिंग्जमध्ये गेलो, सुरक्षिततेच्या पानावर ‘सेव्ह केलेले पासवर्ड’ उघडले, ‘दाखवा’ दाबलं. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि जुन्या लँडलाइनचा नंबर. मुलीला हायसं वाटलं. पण तेवढ्या वेळात माझ्या खांद्यावरून तो चुलतभावानं वाचला, हमालानं वाचला, चहा घेऊन आलेल्या पोरानं मोठ्यानं वाचला! (मोठा हशा) हसताय, पण त्याच खात्यावर बँकेची विवरणपत्रं येत होती. तिथेच उभ्याउभ्या पासवर्ड बदलला, तेव्हा घरी गेलो.

चिठ्ठी आली आहे... ‘दहा मिनिटे’. दोन मिनिटांची गोष्ट जरा लांबली खरी.

तर प्रायमरी पासवर्ड. पूर्वी याला मास्टर पासवर्ड म्हणत. तो लावला की किल्लीच कुलूपबंद होते आणि मग त्या दोन फायली चोरून उपयोग नाही, अर्थात पासवर्ड लांबलचक असेल तर. हे लावा, आज रात्रीच लावा. पण त्यानं तुमची जुनी पत्रं झाकली जात नाहीत हेही ऐका. ती त्याच फोल्डरात साध्या मजकुरात पडून असतात. त्यांच्यासाठी अख्खी डिस्कच कुलूपबंद करावी लागते, विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्याला बिटलॉकर आहे.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘जीमेलला आता पासवर्ड लागतच नाही.’ अर्धं बरोबर आहे. गूगलच्या पानावर एकदा लॉगिन केलं की थंडरबर्डला परवान्याचं टोकन मिळतं. पण साहेब, ते टोकन ठेवतात कुठे? त्याच लॉगिन्स डॉट जेसनमध्ये! फरक एवढाच की संगणक चोरीला गेला तर गूगल खात्यात जाऊन तो परवाना रद्द करता येतो. हा फरक मोठा आहे, मान्य करतो.

आउटलुक एका वाक्यात उरकतो. तिथली किल्ली तुमच्या विंडोज लॉगिनशी बांधलेली असते, त्यामुळे ‘लॉगिन विसरलो’ म्हणून कुणा जाणकाराकडून विंडोजचा पासवर्ड बाहेरून पुसून घेतलात, तर साठवलेले पासवर्डही बहुधा गेले समजा.

पहिल्या रांगेतून प्रश्न आहे, प्रायमरी पासवर्डच विसरला तर? तर तो पुसून नवा लावता येतो, पण आतले साठवलेले सगळे पासवर्ड जातात. आणि जायलाच हवेत, नाहीतर चोरानंही तेच केलं असतं. म्हणून मी म्हणतो, वहीत लिहा. (कुजबुज) हसू नका. ब्रूस श्नायर हा अमेरिकेतला नावाजलेला सुरक्षातज्ज्ञ, त्यानंही २००५ मध्ये हेच सुचवलं होतं, कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा. रशियातला चोर तुमच्या गोदरेजच्या कपाटापर्यंत येत नाही. वही कपाटात मात्र हवी, कीबोर्डखाली नको, आणि मुखपृष्ठावर ‘पासवर्ड’ असं लिहू नका, आमच्या मेव्हण्यांनी लिहिलं आहे. (हशा)

दुसरी चिठ्ठी आली. कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, नाटकवाल्यांना तालमीला हॉल हवा आहे. ज्यांना त्या दोन फायली कुठे असतात ते बघायचं असेल, त्यांनी बाहेर चहापाशी थांबा, लॅपटॉप आणला आहे.