खुर्ची कोण सरकवणार?



मघाशी स्वागताच्या भाषणात सांगण्यात आलं, की वंशभेद हा अमेरिकेचा प्रश्न आहे, आपण मार्केट यार्डातल्या माणसांनी बहाई धर्माच्या मित्रांचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि चहा प्यावा. चहा मीही पिईन. पण अध्यक्ष म्हणून पहिला वाद या वाक्याशीच घालतो.

१८७३ साली आपल्या याच पुण्यातल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचं आणि तिथल्या काळ्या माणसाचं दुखणं एकाच जातीचं, हे त्यांनी ओळखलं. तेव्हा संबंध काय, हे मला विचारू नका.

आणि आपल्याकडे वर्णभेद नाही? इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. इतिहासात त्याचा आपल्याला अभिमान. पण गेल्या जूनमध्ये टांझानियाच्या एका विद्यार्थ्याला घेऊन मी तीन ठिकाणी खोली बघायला गेलो. फोनवर ‘लगेच या’ म्हणणारे दार उघडल्यावर म्हणाले, ‘आत्ताच दिली हो.’ तिसऱ्या दारात तर आतून ‘हबशी आलाय’ असं ऐकू आलं. पोराला मराठी येत नव्हतं. सूर मात्र कळला.

आता बहाईंकडे येतो. सगळी माणसं एक, असं म्हणायला काही लागत नाही. आपल्याकडे कीर्तनापासून निवडणुकीपर्यंत सगळेच म्हणतात. मला त्यांची एक दुपार महत्त्वाची वाटते. २३ एप्रिल १९१२, वॉशिंग्टन. इराणी वकिलातीतल्या अली कुली खान यांच्या घरी मोठमोठ्यांची पंगत. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र अब्दुल बहा हे मुख्य पाहुणे. कोणी कुठं बसायचं, ते मानपानानुसार ठरलेलं. लुई ग्रेगरी हा काळा वकील अब्दुल बहांना भेटायला आला होता. जेवणाचं आमंत्रण त्याला नव्हतं. अब्दुल बहांनी त्याला बोलावून घेतलं, मांडामांड बदलली आणि आपल्या उजव्या हाताला बसवलं. व्याख्यान नाही, ठराव नाही. खुर्ची सरकवली! त्याच वर्षी त्यांच्या प्रोत्साहनानं ग्रेगरीनं लुईझा मॅथ्यू या गोऱ्या इंग्रज बाईशी लग्न केलं. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत असं लग्न तेव्हा गुन्हा होता, आणि काही राज्यांत तो १९६७ पर्यंत गुन्हाच राहिला.

बहाई मित्र पक्षीय राजकारणापासून लांब राहतात. माझं त्यांच्याशी यावर भांडण आहे, पुढंही राहील. कारण शंभर किलोचं पोतं पन्नासावर आणायला हमालाला रस्त्यावर यावं लागलं. हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा गोड बोलून मिळाला नाही. पण मोर्चातून घरी गेल्यावर काय? ‘आपल्यातलीच’ सून शोधणारे कार्यकर्ते या सभागृहात आहेत. मान खाली घालू नका, मी नावं घेणार नाही. आंतरजातीय लग्न हाच जातीवरचा खरा उपाय, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं. आपण त्यांची जयंती घेतली, उपाय तेवढा ठेवून दिला.

एकत्र बसण्याचं म्हणाल, तर पुण्यातल्या इराणी हॉटेलवाल्यांत काही घरं बहाई होती, हे तुमच्यातल्या जुन्यांना ठाऊक असेल. त्या संगमरवरी टेबलांवर आधी कोण बसून गेलं, हे कुणी पुसलं नाही. त्याच काळात खेड्यातल्या चहाच्या टपरीवर दलितांचा कप बाहेर वेगळा ठेवलेला असे. हमालांचे नेते बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडावं लागलं, तेही अस्पृश्यता कायद्यानं बंद होऊन वीस-बावीस वर्षं उलटल्यावर. कायदा झाला तरी विहिरीवरची जागा कुणी आपणहून सोडली नव्हती.

म्हणून आजच्या ठरावाचा मसुदा मी बाजूला ठेवतो. ‘मानवी ऐक्याला पाठिंबा’ वगैरे त्यात आहे, आणि त्यावर सगळेच हात वर करतील. त्याऐवजी साधं विचारतो. बिबवेवाडीत, कोंढव्यात, गुलटेकडीत ज्यांची खोली रिकामी आहे, त्यांनी सभा संपल्यावर मला दाराशी भेटावं. तो विद्यार्थी शेवटच्या रांगेत बसला आहे. त्याला अजून घर मिळालेलं नाही.