दोष आकाशाचा की कारभाराचा?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



हजेरीच्या ॲपमध्ये जागा चुकली की उत्तर मिळतं, "वरूनच सिग्नलचा घोटाळा आहे." हे 'वर' म्हणजे काय, ते आपणच समजून घेऊ.

बऱ्याच उंचीवर सूर्यकिरणांनी हवेचे कण फुटतात आणि विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, तयार होतो. हा थर म्हणजे आयनांबर. सूर्य मावळला की त्याचा खालचा भाग भराभर विरतो, वरचा दाट राहतो. जड वर, हलकं खाली, हे टिकत नाही. पाण्यातून बुडबुडा यावा तसे विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात, कधी हजार किलोमीटरच्याही पलीकडे. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवर. त्यांचा सिग्नल या बुडबुड्यांतून येताना लुकलुकतो, कधी तुटतो.

1938 साली बुकर आणि वेल्स यांनी पेरूतल्या वान्कायोच्या रेडिओ नोंदींवरून ही गडबड मांडली. पण त्या थरात शिरून मोजायला यानच हवं. अमेरिकी हवाई दलाचं सी-नॉफ्स यान 2008 ते 2015 साधारण 400 ते 850 किलोमीटर उंचीवरून फिरलं. त्यानं प्लाझ्माची घनता आणि विद्युतक्षेत्र मोजलं. 2018 साली सोडलेल्या नासाच्या 'गोल्ड' उपकरणानं हे काळे पट्टे वरून टिपले. आपल्या कोल्हापुरातूनही कॅमेऱ्यानं ते पाहिले गेले आहेत. म्हणजे हे आपल्या डोक्यावरचंच आहे.

आता आपला मुद्दा. हे बुडबुडे सूर्यास्तानंतर उठतात. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून दिवसातून दोनदा जागेसह फोटो सक्तीचा झाला, तो दिवसाउजेडी. भर दुपारी बाईची हजेरी बुडाली तर दोष या बुडबुड्यांवर ढकलता येणार नाही. फोन, नेटवर्क, ॲप आणि ते लादणारा कारभार यांनाच जाब विचारावा लागेल.

उलट रात्रपाळीच्या बाईची जागा फोनवर चुकीची दिसली, तर तेवढ्यावरून तिला खोटं ठरवता येणार नाही. यंत्राची नोंद हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

म्हणून प्रत्येक तक्रारीत तारखेबरोबर वेळही लिहा. यंत्रासोबत हातानं लिहिलेली हजेरी मागा. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. शास्त्राचं नाव घेऊन कुणी आपल्याला गप्प बसवत असेल, तर तेच शास्त्र शिकून आपण बोलायचं.