नगरकारभाऱ्यांच्या तसबिरी



राजाचा अधिकार सामान्यतः मरणापर्यंत टिकतो. नगराच्या कारभाऱ्याचा अधिकार वर्षा-दोन वर्षांत संपावयाचा असतो. मग त्याची तसबीर नगराने काढून ठेवावी कशासाठी? फ्रान्समधील जुन्या नगरांनी शेकडो वर्षे अशा तसबिरी काढविल्या. त्यामागे केवळ हौस नव्हती.

दक्षिणेकडील तुलूझ नगराचेच उदाहरण घ्या. तेथील कारभाऱ्यांना ‘कापितूल’ म्हणत. सतराव्या शतकात ते आठ असत व त्यांची मुदत एक वर्षाची असे. १२९५ साली नगराने एक चित्रमय बखर सुरू केली. तीत दरवर्षीच्या कापितुलांची नावे व चित्रे येत. पुढे वर्षभरातील घटनांचा वृत्तांतही येऊ लागला. झां शालेत यासारख्या कुशल चित्रकाराची नगराने या कामी नेमणूक केली होती. चित्रांतील झगे सारखेच, अर्धे तांबडे व अर्धे काळे; वेगळे असत ते चेहरे. झगा नगराचा आणि चेहरा माणसाचा, असा हा करार होता. ‘या वर्षी नगराचा भार यांनी वाहिला’, अशी ती साक्षच म्हणावयाची.

पॅरिसमध्येही हीच रीत होती. तेथे ‘व्यापाऱ्यांचा प्रमुख’ अशी पदवी असलेला नगराध्यक्ष व त्याचे चार सहकारी नदीवरील धक्के, धान्याचा पुरवठा, कारंजी यांची व्यवस्था पाहत. फिलिप द शांपेन याने १६४८ साली काढलेले त्यांचे समूहचित्र लुव्र संग्रहालयात आहे. त्यात हे सारे मानकरी गुडघे टेकून प्रार्थनेला बसले आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर बंडाचे अडसर उभे राहिले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या चेहऱ्यांवरील गांभीर्य अधिकच जाणवते.

परंतु या मानाला दुसरी बाजूही होती. कापितूल झालेल्याच्या घराण्याला वंशपरंपरेने सरदारकी मिळे. साहजिकच सेवेपेक्षा या लाभासाठी पदाची हाव धरणारेही निघाले, आणि नगराची साक्ष घराण्याची मिरवणूक होऊ लागली. राज्यक्रांतीने याचा हिशेब मागितला. १० ऑगस्ट १७९३ रोजी तुलूझमध्ये बखरीतून फाडलेली चित्रे जाळण्यात आली. थोडी पाने वाचली. मजकूर बराचसा राहिला. चेहरे मात्र गेले. पॅरिसच्या नगरभवनातील अशी बहुतेक चित्रेही त्या काळात नाहीशी झाली.

एक मोठे चित्र उरले आहे. १६९४ च्या अवर्षणात व दुष्काळात पॅरिसने आपल्या संरक्षक देवतेस, संत जनव्हिएव्हला, साकडे घातले. त्याची फेड म्हणून लार्जिलिएरने १६९६ साली काढलेले हे चित्र आज सँ-एतिएन-द्यु-माँ या चर्चमध्ये पाहावयास मिळते. वर मेघांत संत, खाली गुडघे टेकलेले नगराधिकारी, आणि त्यांच्या मागे लोकांची दाटी!

येथे कारभारी एकटे नाहीत. ज्यांच्या भाकरीची चिंता त्यांनी वाहावयाची, ते लोकही त्याच चौकटीत आहेत. नगराने आपल्या कारभाऱ्याची तसबीर का जतन करावी, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दाटीत सापडते.