पहिल्या परदेशगमनाचे धडे : वीरचंद राघवजी गांधी
(सुवर्णमहोत्सव सोहळ्यातील व्याख्यान)



आज समाजातील अनेक घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जातात. निरोपाला सारे कुटुंब विमानतळावर जमते, सामानात खाकऱ्यांचे डबे ठेवले जातात. १८९३ साली मात्र समुद्र ओलांडणे हाच दोष मानला जात असे. त्या वर्षी शिकागो येथे ११ ते २७ सप्टेंबर या काळात सर्वधर्म परिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. मुनिधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. त्यांनी अवघ्या एकोणतीस वर्षांच्या एका श्रावकाची निवड केली. सौराष्ट्रातील महुवा येथे १८६४ साली जन्मलेले, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर असलेले हे श्रावक म्हणजे वीरचंद राघवजी गांधी.

या पहिल्या परदेशगमनाचा पहिला धडा पूर्वतयारीचा आहे. जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस या नात्याने पालिताण्याच्या यात्राकराच्या आणि शिखरजीच्या पावित्र्याच्या प्रश्नात त्यांनी आधीच परिश्रम घेतले होते. तरीही केवळ उत्साहाच्या बळावर ते निघाले नाहीत. आचार्यश्रींनी परिषदेसाठी ‘शिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथ सिद्ध केला व वीरचंदजींकडून तत्त्वज्ञानाचे अध्ययन करवून घेतले. ज्याला स्वतःचा धर्म ठाऊक नाही, तो परक्यांना काय सांगणार?

दुसरा धडा आचाराचा. काठियावाडी पगडी आणि भारतीय वेश हीच त्यांची तेथील ओळख ठरली. अमेरिकेच्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शुद्ध शाकाहार सोडला नाही, याची साक्ष खुद्द स्वामी विवेकानंदांनी आपल्या पत्रात दिली आहे. आचार सांभाळला म्हणून मैत्री तुटली नाही. उलट तेथील लोकांचा स्नेह वाढला.

तिसरा धडा अनेकांताचा. परिषदेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू मंदिरांतील प्रथांवरून हिंदू समाजावर कठोर टीका केली. वीरचंदजी जैनांचे प्रतिनिधी होते. गप्प बसले असते तरी कोणी दोष दिला नसता. तथापि त्यांनी उभे राहून त्या टीकेला उत्तर दिले. अनेकांत हा केवळ ग्रंथातील सिद्धांत नसून दुसऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची रीत आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले. परिषदेनंतरही तेथे राहून त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेतून भारताकडे धान्य पाठविण्याची व्यवस्था केली. पहिल्या प्रवासात जोडलेली माणसे अशी देशबांधवांच्या कामी आली.

चौथा धडा मात्र जाणाऱ्यासाठी नाही, घरी राहणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे नाव त्यांनी परदेशी उज्ज्वल केले, त्याच समाजातील काही मंडळींनी समुद्रगमनाबद्दल त्यांना जातिबाह्य करण्याची भाषा केली. विवेकानंदांनी त्याच पत्रात याविषयी खेद व्यक्त केला आहे. आचार्यश्री ठामपणे त्यांच्या पाठीशी राहिले, हीच काय ती सावली. १९०१ च्या ऑगस्टमध्ये, वयाची सदतीस वर्षेही पूर्ण न होता, वीरचंदजींचे मुंबईत निधन झाले. त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले ते २००२ साली, शंभर वर्षांनंतर!

सज्जनहो, गुणवंताचा गौरव करण्यास शंभर वर्षे लागू नयेत. प्रमोदभावना म्हणजे दुसऱ्याचे गुण पाहून होणारा आनंद. ती तो माणूस हयात असतानाच व्यक्त व्हावयास हवी. परदेशी निघालेल्या मुलामुलींना निरोपाच्या श्रीफळाबरोबर धर्माचे ज्ञानही द्यावे. ती परत येतील तेव्हा काय खाल्ले, काय ल्याले याची चौकशी करण्याआधी काय शिकून आलात, हे प्रेमाने विचारावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एवढा एक संकल्प केला, तरी त्या थोर श्रावकाचे ऋण काही अंशी फिटेल.

जय जिनेंद्र!