शाळेच्या दारातील राज्यघटना
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात गगनबावडा येथे केलेले भाषण)



कोर्टाचा निकाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेताचा बांध, वाटणी नाहीतर पोटगी उभी राहते. मी ज्या निकालाविषयी बोलणार आहे तो शाळाप्रवेशाचा आहे. शाळा आपल्याच महाराष्ट्रातली, नाशिकजवळच्या देवळालीचे बार्न्स हायस्कूल. चालविणारी संस्था बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. शाळा अँग्लो-इंडियन, माध्यम इंग्रजी, अनुदान सरकारचे.

६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई सरकारने परिपत्रक काढले. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांचीच मुले घ्यावीत, इतरांची नकोत. त्यामुळे एका गुजराती हिंदू गृहस्थाचे मूल दारातून परत गेले. एका भारतीय ख्रिस्ती गृहस्थाचेही गेले, आणि त्यांच्या तर घरची भाषाच इंग्रजी होती!

सरकारचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. देशी भाषा वाढाव्यात, मुलाने आपल्या भाषेतून शिकावे, असा तो विचार होता. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलो आणि मराठीतूनच शिकवितो. मला तो विचार पटतो. म्हणूनच हा निकाल मला पहिल्या वाचनात टोचला.

मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने फेब्रुवारीतच सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. (हेच छागला पुढे १९६३ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले.) सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही २६ मे १९५४ रोजी हरले. जानेवारीचा हुकूम, मे महिन्यात निकाल! आजच्या तारखांच्या मानाने नवलच.

न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी निकालात जे सांगितले ते साधे आहे. हेतू कितीही चांगला असो, मूल कोणत्या कारणाने नाकारले गेले ते पाहायचे. येथे कारण भाषेचे होते, आणि कलम २९(२) सांगते की सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय कलम ३३७ प्रमाणे अँग्लो-इंडियन शाळांना खास अनुदान होते ते एका अटीवर: दरवर्षीचे निदान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना खुले हवेत. एका हाताने ही अट घालायची आणि दुसऱ्या हाताने दार लावायचे, हे कसे चालावे?

आता थोडे अमेरिकेत जाऊ. तेथे नेब्रास्का राज्यात रॉबर्ट मेयर नावाचे आमच्यासारखेच एक मास्तर होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्या राज्याने आठवीपर्यंत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकविण्यास बंदी केली होती. मेयर यांनी १९२० मध्ये दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकविले म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. फरक एवढाच की त्यांच्या घटनेत शाळेच्या भाषेविषयी अक्षरही नाही; न्यायाधीशांनी ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दातून तो हक्क काढला. आपल्या घटनाकारांनी तो कलम घालून लिहूनच ठेवला. आणि देवळालीच्या निकालाआधी अवघे नऊ दिवस, १७ मे १९५४ रोजी, त्याच अमेरिकन न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या होत्या.

हे सारे आपल्याला कशासाठी, असे आपण विचाराल. मेळाव्यात एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, “मास्तर, आपली संस्था, आपली वर्गणी; मग जागा आपल्याच मुलांना का नकोत?” चाचा, प्रश्न रास्त आहे. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे आपल्या मुलांना प्राधान्य देता येते. परंतु अनुदान घेतले की इतरांनाही काही जागा द्याव्याच लागतात. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तसे सांगितले. देवळालीच्या शाळेने कोर्टाची पायरी चढली ती दुसऱ्यांच्या मुलांना आत घेता यावे म्हणून, हेही ध्यानात ठेवा.

जूनमध्ये आपल्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. प्लॅस्टिकची खोळ पांघरून कोणी बाप पोराला घेऊन शाळेच्या दारात येईल. नकार मिळालाच तर त्याने तो कारणासह लेखी मागावा. अर्ज लिहायला मी मदत करीन. राज्यघटनेची मराठी प्रत माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी मी घरीच असतो.